खोलमत-आकांचा आकडा

कोकंद शहरात लग्न असलं की नवरदेवाची गाडी गल्लीत शिरायच्या आधी खोलमतचा कर्णा शिरायचा. माणसाच्या उंचीहून लांब अशी ती पितळी नळी तो आभाळाकडे रोखायचा, गाल फुगवायचा आणि असा आवाज काढायचा की छपरांवरची कबुतरं उधळायची आणि नवरीच्या आईला हुंदका फुटायचा. कर्ण्यात सूर असे फार नसतात, असतो तो नुसता दम. आणि दमाच्या बाबतीत आपला हात धरणारा सगळ्या फरगाना खोऱ्यात कोणी नाही, असं लोक म्हणायच्या आधी खोलमत स्वतःच म्हणून टाकायचा.

त्याच्या शेजारी इनामजान सनई वाजवायचा. मिसरूड फुटायच्या वयापासून दोघं एकत्र. इनामजान गोल, गुबगुबीत, खाण्यावर जीव असलेला. खोलमत उंच, हडकुळा आणि तोंडाळ. "आमच्या दोघांत मिळून मांस आलं ते यानं घेतलं, जीभ माझ्या वाट्याला आली," असं खोलमत दर लग्नात सांगायचा, आणि तोच विनोद पुन्हा ऐकून इनामजान दर लग्नात हसायचा.

दम पहिल्यांदा तुटला तो कापूस वेचणीच्या दिवसांत. एका खेड्यातल्या लग्नात वरात दारात आली, खोलमतनं कर्णा उचलला, आणि फुंक मधेच संपली. छातीवर कोणी गुडघा टेकवावा तसं झालं. इनामजाननं लगेच सनई चढवली आणि ती पोकळी भरून काढली. पाहुण्यांना पत्ताही लागला नाही.

"काय झालं रे?" परतताना इनामजाननं विचारलं.

"कापसाची धूळ."

"धूळ काय आज आलीय होय या खोऱ्यात?"

"मग तुझ्या सनईचा कंटाळा आला असेल माझ्या छातीला. गप बस."

पण धूळ हिवाळ्यातही गेली नाही. तंबाखूचं दुकान गाठेपर्यंत खोलमतला दोनदा थांबावं लागे. थांबला की तो आपण कोणाच्या तरी दाराचं नक्षीकाम बघतोय असं दाखवायचा. आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून पाठीमागे रजया रचून टेकून झोपायचा. त्याची बायको महफूजा एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही झोपता की दरबार भरवता?" मग तिची नजर त्याच्या पायांवर गेली. घोट्यावर तिनं अंगठा दाबला. मळलेल्या कणकेत दाबावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला.

घरचे उपाय झाले. मेंढीच्या शेपटीची चरबी गरम दुधातून झाली, मधाचं चाटण झालं, वाफारे झाले. छातीच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि म्हणाला, "फुफ्फुसात थोडं पाणी दिसतंय, पण दोष फुफ्फुसाचा वाटत नाही. हृदयाच्या डॉक्टरना दाखवा."

हृदयाच्या डॉक्टर म्हणजे जुलैहो. चाळिशीच्या आतली, चष्मा लावणारी, कमी बोलणारी बाई. खोलमतनं तिला बघताच ओळखलं.

"तुझ्या लग्नात मीच वाजवलं होतं, पोरी. तुझा बाप दारात उभा राहून ढसाढसा रडला होता."

"आठवतंय, आका," मोठ्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. "माझे कान दोन दिवस बधिर होते." तिनं त्याचा दाब घेतला, पाय बघितले, पाठीला नळी लावून ऐकलं. "रक्त तपासायचं आहे तुमचं."

"अडतोय माझा श्वास. तो छातीत. आणि तू सुई खुपसणार हातात?"

जुलैहोनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं बघा. हृदयाला रक्त पुढं ढकलणं जड जायला लागलं की त्याच्या भिंती ताणल्या जातात. ताण आला की हृदय स्वतःच रक्तात एक द्रव्य सोडतं, अंगात साचलेलं पाणी आणि मीठ बाहेर टाका, असं शरीराला सांगायला. ते द्रव्य किती आहे ते आम्ही मोजतो. अगदी कमी निघालं तर तुमचा दम बहुतेक हृदयामुळं जात नाहीये, दुसरीकडं शोधायचं. जास्त निघालं तर हृदयाकडं नीट बघायला हवं."

"म्हणजे हृदय कुरकुर करतं, ती तू ऐकणार."

"हो. पण किती मोठ्यानं करतंय एवढंच कळतं. कशाबद्दल करतंय ते नाही कळत. त्यासाठी पडद्यावर हृदय हलताना बघावं लागतं."

आकडा आला अठराशेच्या वर. सव्वाशेच्या आत असता तर काळजी नव्हती, असं डॉक्टर म्हणाली. खोलमतनं विचारलं, "म्हणजे पहिला नंबर आला म्हणायचा की नापास?" महफूजानं त्याला कोपरानं ढोसलं. मग पडद्यावर बघितलं तेव्हा हृदय फुगलेलं आणि आळसावलेलं दिसलं. वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब अंगावर काढल्याचा परिणाम, असं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या. एक दाबाची, एक ठोके आवरणारी, एक पाणी काढणारी, आणखी एक कशाची ते त्याला कधीच पाठ झालं नाही. मीठ बंद. खिशात ठेवून दिवसभर चघळायची खारट दह्याची वाळवलेली गोळीही बंद. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

पाण्याच्या गोळीनं तर गंमतच केली. एका लग्नात वरात दारात येऊन उभी राहिली आणि कर्णेवाला गायब. इनामजाननं सनई फुंकत फुंकत अंगणाच्या मागच्या बाजूला डोळ्यांनी खूण केली, आणि यजमानाला म्हणाला, "कर्णा येतोय, मालक. आधी दुसरीकडं हजेरी लावून येतोय." खोलमत चोळण्याची नाडी बांधत धावत आला तेव्हा नवरदेवसुद्धा हसत होता.

पण गुण आला. पायाची सूज उतरली, रजयांचा ढीग कमी होत होत एका उशीवर आला. कर्णा पुन्हा आभाळाकडे गेला. पूर्वीसारखा लांब नाही, पण गेला. वसंतात जुलैहोनं पुन्हा रक्त तपासलं. आकडा चारशेवर आला होता.

"छान," ती म्हणाली. "गोळ्या काम करतायत. हृदयावरचा ताण उतरलाय. पण याचा अर्थ हृदय नवं झालं असा नाही हं, आका. गोळ्यांनी त्याचा भार उचललाय. त्या चालूच ठेवायच्या, माझ्याशिवाय एकही बंद करायची नाही."

खोलमतनं हे सगळं ऐकलं नाही असं नाही. पण दवाखान्यातून घरी घेऊन आला तो एवढा एकच शब्द: छान.

चायखान्यात त्यानं त्या दिवशी सगळ्यांना हिरवा चहा पाजला आणि आपल्या रक्ताची कथा सांगितली. अठराशेवरून चारशे! पुढच्या काही दिवसांत तो रक्ताचा जाणकारच होऊन बसला. कोणाला दम लागला, कोणाच्या पायाला सूज आली, की लोक म्हणायचे, "खोलमत-आकांना विचारा, त्यांनी ते सगळं केलंय." आणि खोलमतला विचारलेलं आवडायचं. दरम्यान त्यानं पाण्याची गोळी सोडली होती, लग्नात पळापळ होते म्हणून. मग ठोक्यांची सोडली, अंगात आळस भरतो म्हणून. उरलेल्याही पुढं आठवणीनं घ्यायच्या राहू लागल्या. काही झालं नाही. म्हणजे लगेच काही झालं नाही.

त्याच उन्हाळ्यात इनामजान जिने चढताना मधे थांबायला लागला. त्यानं फारसं मनावर घेतलं नाही. जाड माणसाला दम लागायचाच, असं तो आयुष्यभर समजत आला होता. पण त्याची बायको आयदिन खमकी होती. तिनं त्याला जुलैहोकडे नेऊन बसवलं. रक्त तपासलं. दोन दिवसांनी इनामजान चायखान्यात आला, लाकडी बाजेवर खोलमतसमोर मांडी घालून बसला, आणि टोपी मागं सारत म्हणाला, "आलाय माझा पण आकडा."

"किती?"

"चारशेच्या जरा वर."

खोलमत खदखदून हसला. "एवढंच? अरे, बरा झाल्यावर माझा जेवढा आहे तेवढा तुझा आजारी असताना आहे! मी अठराशेला होतो, गड्या. अठराशे! तेव्हासुद्धा मी लग्नं वाजवत होतो."

"ते मी पण म्हटलं तिला. पण डॉक्टर म्हणाली, जाड माणसात हा आकडा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, त्यामुळं त्याच्यावर जाऊ नका. गुरुवारी पडद्यावर बघायला बोलावलंय."

"म्हणजे जाड असण्याचा तुला जन्मात पहिल्यांदा फायदा झाला की!"

बाजेवरचे सगळे हसले. इनामजान पोट धरून हसला, इतका की त्याला ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं.

"पण गुरुवारी तर गिरणीवाल्याकडचं लग्न आहे," खोलमत म्हणाला. "तुझ्याशिवाय मी काय एकटाच भोंगा वाजवू? जा की पुढच्या आठवड्यात. हृदय काय तुझं पळून चाललंय का कुठं?"

"तेही खरंच," इनामजान म्हणाला आणि त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

गिरणीवाल्याकडचं लग्न छान झालं. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. शरद ऋतू हा लग्नांचाच. अंगणाअंगणांत कलिंगडांचे ढीग लागले, कढयांखाली लाकडं धुमसत राहिली, आणि पडद्याची गोष्ट मागं पडली. आयदिननं दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा इनामजान म्हणाला, खोलमतचा आकडा तर माझ्या चौपट होता, बघ कसा टणटणीत हिंडतोय.

एका सकाळी इनामजान अंगणातल्या नळावर तोंड धुवायला गेला. सून चुलीपाशी होती. तिनं पाहिलं की सासरे तोंड पुसता पुसता बाजेवर बसले, टॉवेल मांडीवर ठेवला, आणि विचारात पडल्यासारखे बसून राहिले. तिनं चहा नेऊन ठेवला. हाक मारली. पुन्हा मारली.

खोलमत पोचला तेव्हा गल्लीतली माणसं अंगणात बाकं मांडत होती. कोणीतरी त्याच्या हातात सुतकात कमरेला बांधायचा रुमाल दिला. तो बांधून तो इनामजानच्या भावांबरोबर दारात उभा राहिला, आल्यागेल्याचा हात हातात घेत राहिला. माणसं म्हणत होती, "चांगलं मरण आलं. त्रास नाही, काही नाही." खोलमत मान हलवत होता. त्याचे स्वतःचे पाय पुन्हा सुजले होते, त्याला महिना तरी झाला होता. मऊ कातडी बुटांत ते दिसत नव्हते एवढंच. दुपारपर्यंत उभं राहिल्यावर त्याला बुटांची शिवण पायात रुतलेली कळत होती, आणि वाटत होतं, रुतू दे.

गोळ्यांचं महफूजाला त्याच आठवड्यात कळलं. त्याचा अंगरखा धुवायला काढला तर खिशात न फोडलेली पाकिटंच्या पाकिटं निघाली. ती ओरडली नाही. ती पाकिटं तिनं त्याच्यापुढं जेवणाच्या कापडावर ठेवली आणि म्हणाली, "आयदिनचा नवरा गेलाय म्हणून मी आज तुम्हाला काही बोलत नाही. उद्या दवाखान्यात चला."

जुलैहोनं रक्त तपासलं. आकडा पहिल्या वेळेपेक्षाही वर गेला होता. तिनं काही विचारायच्या आधी महफूजानंच पाकिटं टेबलावर ओतली. डॉक्टरनं ती मोजली. मग पडद्यावर हृदय बघितलं, आणि या वेळी गंमत करायची खोलमतला सुचलं नाही.

कपडे घालताना त्यानं विचारलं, "इनामजानचा आकडा माझ्यापेक्षा कमी होता ना?"

"हो."

"मग तो कसा गेला? मी कसा राहिलो?"

जुलैहो खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "आका, या आकड्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. वयानं तो वाढतो, मूत्रपिंडं थकली तर वाढतो, अंगावर चरबी असली तर कमी दिसतो. तुमचा आकडा तुमच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघायचा. त्यांचे चारशे तुमच्या चारशेसारखे नव्हते. तुमचे उतरून आलेले, गोळ्यांनी. त्यांचे कुठं चालले होते, ते अजून बघायचं होतं. त्यांना हे सांगितलं होतं मी. तारीख दिली होती."

"त्या दिवशी आम्ही लग्नात होतो."

तिनं टेबलावरची पाकिटं एकावर एक रचायला घेतली.

"आला असता तर वाचला असता?"

"मला माहीत नाही. पडद्यावर काय दिसलं असतं तेच माहीत नाही, तर पुढचं कसं सांगू? कदाचित गोळ्यांनी सावरले असते. कदाचित नसतेही."

तिनं 'हो' म्हटलं असतं तर खोलमतला एक काहीतरी पक्कं मिळालं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर तो हलका होऊन घरी गेला असता. त्याला मिळालं ते 'कदाचित', आणि ते घेऊन तो फाटकापर्यंत चालत गेला. तेवढ्यात दोनदा थांबला. या वेळी नक्षीकाम बघतोय असं त्यानं दाखवलं नाही.

फुंकायचं बंद झालं. जुलैहोनं बजावलं नसतं तरी झालंच असतं. कर्णा उचलला की शेजारची जागा मोकळी दिसायची. त्यानं तो मर्गिलान गावच्या एका वाजवणाऱ्याला देऊन टाकला. चायखान्यात तो जात राहिला, पण कोणी "आका, माझा आकडा एवढा एवढा आलाय, काळजीचं आहे का?" म्हणून विचारलं की म्हणायचा, "डॉक्टरला विचार."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. डॉक्टरला विचार."

लोक म्हणायला लागले, खोलमत-आका हल्ली फार शेफारलेत.

आयदिनला सगळं सांगून टाकायचं त्यानं कितीदा तरी ठरवलं. हिवाळा सरत आला तेव्हा एकदाचा गेला. बरोबर महफूजा होती. आयदिननं त्यांना आत बसवलं, चहा ओतला. खोलमतनं घसा साफ केला. "आयदिन, त्या दिवशी चायखान्यात मी इनामजानला—"

"माहितीय मला," आयदिन म्हणाली. "घरी येऊन त्यांनी सांगितलं होतं. खोलमत म्हणतो, जाड असण्याचा जन्मात पहिल्यांदा फायदा झाला." तिनं पेल्यातला चहा परत किटलीत ओतला, पुन्हा पेल्यात ओतला. "मी पण हसले होते हो. तेच मला सहन होत नाही. डॉक्टरनं काय सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, त्याच खोलीत बसून. तरी मी हसले."

खोलमतला वाटलं होतं ती शिव्या देईल. त्याची तयारी होती. या वाक्याची नव्हती. महफूजानं पुढं होऊन आयदिनचा हात धरला, आणि खोलमत त्या दोघींकडे न बघता जेवणाच्या कापडाच्या कडेवरचा धागा ओढत बसला.

जर्दाळू फुलायच्या सुमारास आयदिनचा निरोप आला. तिचे पाय सुजायला लागले होते. मुलगा कामासाठी रशियात, सुनेला कडेवरचं मूल. दवाखान्यात कुठल्या दारात काय असतं ते माहीत असलेलं माणूस म्हणजे खोलमतच होता.

मिनीबसच्या थांब्यावर ती म्हणाली, "तुम्ही सोबत या. पण तिथं मला काही समजावून सांगू नका."

"नाही सांगत."

त्यानं तिला रक्त घेतात ती खोली दाखवली. निकालाच्या दिवशीही आला. बाकावर बसून राहिला, मांडीवर टोपी. शेजारी एक म्हातारा आपल्या आकड्याबद्दल कोणाला तरी सांगत होता, आणि त्याचा सोबती म्हणत होता, हे काहीच नाही, माझ्या मेहुण्याचा तर... खोलमतनं तोंड उघडलं. त्या दोघांना सांगावंसं वाटलं. पण कुठून सुरुवात करायची ते सुचेना. तेवढ्यात परिचारिकेनं म्हाताऱ्याला आत बोलावलं.

आयदिन बाहेर आली. "हृदयाचं नाहीये म्हणे. आकडा अगदी कमी आलाय. पायाच्या शिरा खराब झाल्यात, त्याचं औषध दिलंय. पडद्यावर बघायची आता घाई नाही, पण मीच म्हटलं, बघून टाका. पुढच्या मंगळवारी बोलावलंय."

"मी येईन."

"या."

परत येताना मिनीबसमध्ये गर्दी होती. त्यांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. ती पुढं, तो मागं. मधल्या एका गल्लीत कोणाचं तरी लग्न होतं. खिडकीतून सनई ऐकू आली, वाजवणारा कोणी नवा होता, घाईघाईनं वाजवत होता. आयदिननं मान वळवली नाही. खोलमतनंही नाही. तिचा थांबा आला तशी ती एक हात दांडीला धरून सावकाश उतरली आणि घराच्या दिशेनं चालू लागली. खोलमत पुढच्या थांब्यापर्यंत बसून राहिला.